वाचक विचारतात: ४० हजारात मोठा टीव्ही, पण किती मोठा?

यावेळी पत्रांचा आणि मेसेजचा ढीग उपसला तर निम्म्याहून जास्त लोकांना एकच पडलंय, मोठा टीव्ही घ्यायचाय आणि पैसे मोजके आहेत. त्याला कारणही आहे म्हणा. ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवर २८ टक्के जीएसटी होता तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला, म्हणजे जो सेट ४० हजाराला मिळत होता तो हिशेबाने ३६ हजार ८७५ ला यायला पाहिजे, आता दुकानदार तेवढेच कमी करतो का हा वेगळा विषय. असो. मिक्सर आणि वॉटर प्युरिफायरवाल्यांनी थोडं थांबा, तुमचं पुढच्या अंकात घेतो. आज फक्त टीव्ही.

प्रश्न: आमचा हॉल १० बाय १४ चा आहे. सध्याचा ३२ इंची टीव्ही आता मधेच बंद पडतो. बजेट ४० हजार, फार तर हजार-दोन हजार इकडेतिकडे. मिस्टर म्हणतात ४३ इंच पुरे. मुलगा म्हणतो ६५ च घ्यायचा, कारण त्याने ऑनलाइन ४१ हजाराला बघितलाय, पण त्या कंपनीचं नाव मी तरी कधी ऐकलेलं नाही. सासूबाई दिवसभर मालिका बघतात, मुलगा मॅच आणि ओटीटी. कुणाचं ऐकू?
एक वाचक, चिंचवड

उत्तर: ताई, आत्ता कुणाचंच ऐकू नका, आधी घरातली मोजायची टेप काढा. टीव्ही लागणार ती भिंत आणि समोरचा सोफा यात तुमच्याकडे १० फूट दिसतात, पण सोफ्याची खोली वजा केली आणि टेकून बसलं की डोळे साधारण साडेआठ फुटांवर येतात. म्हणजे १०२ इंच. याला १.६ ने भागा, ६४ येतात, म्हणजे एवढ्या अंतराला साधारण तेवढ्या इंचांचा टीव्ही बसतो. ४के, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांचा टीव्ही असेल तर एवढ्या अंतरावरून ५५ अजिबात मोठा वाटत नाही, ६५ सुद्धा चालून जातो, म्हणजे नुसत्या अंतराच्या बाबतीत तुमचा मुलगा चुकीचं बोलत नाहीये. त्याचं चुकतंय ते पैशात, त्यावर येतोच.

अजून एक करा, यात फुकटात सगळं कळतं. जुनी वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवा आणि भिंतीवर लावा. ५५ इंच म्हणजे रुंदी ४ फूट आणि उंची सव्वादोन फूट. ६५ म्हणजे पावणेपाच फूट आणि उंची दोन फूट आठ इंच. ४३ म्हणजे साधारण तीन फूट आणि पावणेदोन. दोन दिवस तो कागद तसाच राहू द्या. शोकेसचं दार उघडतं का, देव्हारा झाकला जातो का, स्विचबोर्ड मागे जातो का, हे सगळं कागदावरच कळतं. आणि कागद लावताना मध्य बसल्यावर डोळ्यांसमोर येईल असा लावा, जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास. आपल्याकडे टीव्ही फोटोफ्रेमसारखा वर टांगायची फार हौस, मग दोन महिन्यांनी मान दुखते म्हणून उशा बदलत बसतात.

मिस्टरांना एक सांगा. ४३ आणि ५५ मधे १२ इंचांचा फरक दिसतो तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा. चित्राचा एकूण पसारा ५५ मधे ६० टक्क्यांहून जास्त वाढतो. ३२ वरून ४३ वर आलात तर आठवडाभर भारी वाटेल आणि मग सवय होईल, हे मी खूप घरांमधे बघितलंय.

आता पैसे. ४० हजार ही तुमची लक्ष्मणरेषा असेल तर इंच वाढवला की दुसरीकडे कुठेतरी कात्री लागणारच, टीव्ही बनवणारा काही पदरचे घालत नाही. ६५ इंची सेट ४१ हजारात बसवायचा तर मागचा लाइट कमी, स्पीकर पत्र्याचे, प्रोसेसर जुना, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सर्व्हिस. मागचा लाइट कमी म्हणजे काय ते माझ्याच घरचं सांगतो. काही वर्षांपूर्वी मी पण असाच मोठा आणि स्वस्त बघून सेट घेतला, दुकानात झक्कास दिसत होता. आमच्या हॉलला पश्चिमेची गॅलरी, टीव्ही बरोबर तिच्या समोर. पहिल्याच रविवारी दुपारी मॅच लावली तर स्क्रीनवर बॅट्समन कमी आणि गॅलरीत वाळत घातलेले माझे लेंगे जास्त दिसत होते. रात्री छान दिसायचा, दिवसा पडदे ओढून अंधारात बसायचं. यात कंपनीची चूक नव्हती, मीच खिडकी विसरलो होतो. ब्राइटनेस निट्समधे मोजतात आणि स्वस्तातले बरेचसे सेट २५०-३०० निट्सच्या आसपास असतात, संध्याकाळनंतर ठीक, भर उजेडात फिके. तेव्हा दुपारी १२ ला आणि ४ ला त्या कागदाकडे बघा, ऊन थेट त्यावर पडतंय किंवा समोरच खिडकी आहे असं असेल तर इंच कमी करा आणि उजळ सेट घ्या, नाहीतर भिंतच बदला.

सासूबाईंच्या मालिकांचं मात्र सगळे विसरतात. तुमच्याकडे सेट टॉप बॉक्सला एसडी पॅक आहे का एचडी ते आधी बघा. एसडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, ४के टीव्ही ३८४० बाय २१६० चा. गुणाकार करून बघा, बरोब्बर २० पट येतात. म्हणजे चॅनलवाल्याने पाठवलेला एक ठिपका ताणून टीव्हीला वीस ठिपक्यांची जागा भरायची असते, आणि मग नायिकेचा चेहरा साबणाच्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. ३२ वर हे झाकलं जातं, ५५ वर सगळं उघडं पडतं. नवीन टीव्ही आला आणि "जुनाच बरा होता" असं सासूबाई म्हणाल्या तर त्या खरंच बोलत असतील. उपाय सोपा, मराठीतली मोठी चॅनलं एचडीत आहेत, त्यांची नेहमीची तीन-चार चॅनलं तेवढी एचडी करून घ्या आणि बॉक्सपण एचडीवाला आहे ना ते बघा. कित्येक घरात एचडी बॉक्स असतो आणि जोडलेला असतो लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांनी, मग एचडी कुठून दिसणार. एचडीएमआय केबल लावा.

दुकानात गेल्यावर ते लोक पोपट, फुलं आणि मध ओतण्याचा व्हिडिओ लावून ठेवतात, तो कुठल्याही टीव्हीवर सुंदरच दिसतो. त्यांना सांगा न्यूज चॅनल लावा. खाली जी पट्टी पळते तिची अक्षरं वाचता येतात का बघा, फरफटल्यासारखी दिसली तर मॅचमधे बॉलपण तसाच दिसणार. मग रिमोट हातात घ्या, पिक्चर मोड व्हिव्हिडवर असेल तो स्टँडर्ड किंवा सिनेमावर आणा, दुकानातला झगमगाट उतरला की खरा टीव्ही दिसतो. मग बाजूला जाऊन उभे राहा, तुमच्या घरी दिवाणावर जो बसतो तो ज्या कोनातून बघणार तिथून. रंग उडाले तर ते पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, व्हीए जातीचं असायची शक्यता जास्त, न उडाले तर आयपीएस जातीचं. व्हीए मधे काळा रंग खरोखर काळा दिसतो, रात्री अंधारात सिनेमा बघणाऱ्यांसाठी तेच चांगलं, आयपीएसमधे काळा थोडा राखाडी पण बाजूने बघणाऱ्यांची सोय. तुमच्याकडे चारजण चार दिशांना बसत असतील तर आयपीएसकडे झुका. गंमत म्हणजे एकाच मॉडेलच्या ५० आणि ५५ मधे वेगवेगळं पॅनल असू शकतं, म्हणून ज्या साइजचा घेणार तोच बघा, शेजारचा नको.

स्मार्टपणासाठी मात्र जास्त पैसे घालू नका. सगळेच सेट स्मार्ट असतात आणि दोन-तीन वर्षांत सगळेच रखडायला लागतात, कारण रॅम असते दीड-दोन जीबी. तेव्हा चार-पाच हजारांची स्ट्रीमिंग स्टिक मागे खोचली की टीव्ही परत नवा. चित्र मात्र पुढे बदलता येत नाही. पॅनलमधे पैसे घाला आणि स्मार्टपणा नंतर विकत घ्या, मी सगळ्यांना हेच सांगतो.

तर तुमच्यासाठी, समोर खिडकी नसेल तर ५५ इंच ४के, ज्याचं सर्व्हिस सेंटर पिंपरी-चिंचवडमधेच आहे असा. खिडकी समोर असेल तर त्याच पैशात जरा वरच्या दर्जाचा ५०. ६५ नको. मुलगा दोन दिवस तोंड फुगवेल, मॅच सुरू झाली की विसरेल.

नो कॉस्ट ईएमआयबद्दल तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. जेवढं व्याज होतं तेवढा डिस्काउंट दाखवतात म्हणून ते नो कॉस्ट, पण त्या व्याजावर बँक १८ टक्के जीएसटी लावते आणि वर बहुतेकदा प्रोसेसिंग फी. रक्कम मोठी नसते पण शून्यही नसते. आणि रोख देणाऱ्याला दुकानदार जे सोडतो ते ईएमआयवाल्याला सोडत नाही, हे मोलभाव करताना लक्षात ठेवा.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, चिपळूणजवळच्या गावात राहतो. मुलांनी पैसे पाठवलेत, ५० इंची क्यूएलईडी घ्या म्हणतात. दुकानदार म्हणतो क्यूएलईडी म्हणजे ओएलईडीच, नाव वेगळं. आमच्याकडे पावसाळ्यात लाइटचा खेळ असतो आणि विजा पडतात, मागचा टीव्ही तसाच गेला. स्टॅबिलायझर घेऊ का? इन्व्हर्टरवर चालेल का?
एक वाचक, चिपळूण तालुका

उत्तर: सर, तो दुकानदार एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतोय. ओएलईडीमधे प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो आणि स्वतः विझतो, मागे लाइटच नसतो, म्हणून तो महाग. क्यूएलईडी हा आपला नेहमीचाच एलसीडी, मागे एलईडी लाइट आणि मधे रंग खुलवणाऱ्या बारीक कणांचा एक पापुद्रा. रंग चांगले दिसतात यात वाद नाही, पण काळं ते काळं दिसेलच असं नाही. ५० इंचात दोन-तीन हजार जास्त देऊन मिळत असेल तर घ्या, दहा हजार जास्त मागत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

आता विजेचं. आजकालच्या टीव्हीचा पॉवर सप्लाय बहुतेक १०० ते २४० व्होल्टवर चालतो, मागच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं ते चष्मा लावून वाचा. तसं लिहिलेलं असेल तर कमी व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझरची गरज नाही. टीव्ही मरतो तो लाइट परत येताना जो झटका येतो त्याने, आणि विजेने. झटक्यासाठी सर्ज प्रोटेक्शनवाला स्पाइक गार्ड लावा, नुसती एक्स्टेंशनची पट्टी नाही, आणि घराचं अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्या कारण अर्थिंग नसेल तर तो गार्ड अर्धाच कामाचा. विजेला मात्र गार्ड-बिर्ड काही ऐकत नाही. गडगडायला लागलं की प्लग काढायचा, आणि नुसता प्लग नाही तर डिशची केबलपण काढायची. बरेच लोक प्लग काढतात आणि निश्चिंत होतात, आणि वीज छतावरच्या डिशमधून केबलने आत येते, आधी बॉक्स जातो मग एचडीएमआयमधून टीव्हीचा बोर्ड. राउटरची वायर टीव्हीला थेट लावली असेल तर तीही काढा. तुमचा मागचा टीव्ही कसा गेला माहीत नाही, पण बॉक्स आणि टीव्ही एकदमच गेले असतील तर असंच झालं असणार.

इन्व्हर्टरवर चालेल. ५० इंची सेट साधारण १०० वॅटच्या आगेमागे खातो, नेमका आकडा त्याच स्टिकरवर आहे. एक-दोन पंखे आणि टीव्ही एवढं नेहमीच्या घरगुती इन्व्हर्टरला झेपतं, वर फ्रिज लावू नका म्हणजे झालं.

आणि सर, घ्यायच्या आधी एक फोन करा. कंपनीच्या कस्टमर केअरला तुमचा पिनकोड सांगा आणि विचारा की माणूस घरी येतो का, किती दिवसात, आणि लांबचे वेगळे पैसे घेता का. आत्ता, टीव्ही घेतलेला नसताना. तिकडची मॅडम "चेक करून सांगते" म्हणाली आणि फोन आलाच नाही, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. पॅनल गेलं तर त्याचा खर्च टीव्हीच्या निम्म्या किंमतीच्या वर जातो, तेव्हा वॉरंटी एक वर्षाची का जास्त आणि त्यात पॅनल धरलंय का हे बिलावर लिहून घ्या. चेंडू लागून किंवा पडून फुटलं तर कुठल्याच नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही, नातवंडं सुट्टीला येत असतील तर हे पण लक्षात असू द्या.

प्रश्न: भाऊ, बजेट ४५ के, पीएस५ (प्लेस्टेशन) वर गेम खेळायला १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा टीव्ही पाहिजे. ऑनलाइन ५५ इंची १२० हर्ट्झ त्या बजेटमधे दिसतोय. घेऊ का?
एक वाचक, पुणे

उत्तर: बारीक अक्षर वाच मित्रा. त्या पानावर कुठेतरी डीएलजी असं लिहिलंय का बघ. तसं असेल तर ते पॅनल मुळात ६० हर्ट्झचंच, १२० वर चालवताना उभे ठिपके निम्मे करून चालवतात, म्हणजे ४के मधे १२० तुला मिळतच नाही. खरा १२० हर्ट्झ आणि सोबत एचडीएमआय २.१ असं दोन्ही पाहिजे, आणि एचडीएमआय २.१ नुसतं लिहून भागत नाही, त्या पोर्टवर ४के १२० चालतं हे लिहिलेलं पाहिजे. "मोशन रेट १२०", "इफेक्टिव्ह २४०" असल्या आकड्यांना काही अर्थ नाही. खरं सांगू का, पीएस५ चे बहुतेक गेम ६० वरच चालतात. तुझ्या बजेटमधे चांगला ६० हर्ट्झवाला घे, गेम मोड आहे ना बघ, म्हणजे बटण दाबल्यावर उशिरा उडी मारली असं होणार नाही, आणि उरलेल्या पैशांत दुसरा कंट्रोलर घे.

प्रश्न: मी मस्कतला असतो, आईवडील कोल्हापूरला. इथून टीव्ही घेऊन येऊ की तिथेच ऑनलाइन ऑर्डर करू?
एक वाचक, मस्कत

उत्तर: तिथून आणू नका. एकेकाळी आखातातून येणारा प्रत्येकजण एक टीव्ही उचलून आणायचा, तो काळ गेला. ऑगस्ट २०१३ मधे फ्लॅट टीव्ही ड्युटी फ्री सवलतीतून काढला, आणि तिकडची वॉरंटी इकडे बहुतेकदा चालत नाही. वर ते खोकं विमानात आडवं पडलं तर पॅनल गेलंच.

ऑनलाइन करा पण ओपन बॉक्स डिलिव्हरी आहे का बघा, म्हणजे आणणारा माणूस समोर खोकं उघडून दाखवतो. तो थांबत नसेल तर वडिलांना सांगा की शेजारच्या पोराला बोलवा आणि उघडल्यापासून चालू होईपर्यंत न थांबवता व्हिडिओ काढायला सांगा. टीव्ही उभाच धरायचा, दोघांनी, कडांना धरून, काचेला मधे हात न लावता. जमिनीवर पालथा घालून स्टँडचे पाय बसवतात ना तिथेच अर्धे टीव्ही फुटतात. इन्स्टॉलेशनवाला येईपर्यंत खोकं उघडूच नका असं काही कंपन्या सांगतात, तसं असेल तर तसंच करा. आणि थर्माकोलसकट खोकं महिनाभर माळ्यावर ठेवा, आईला "अडगळ" वाटलं तरी. परत करायची वेळ आली तर खोक्याशिवाय कुणी हात लावत नाही.

अजून एक, तुम्ही तिथून व्हिडिओ कॉल करणार, तर टीव्हीवर कॉल होईल असं समजू नका, बहुतेक सेटना कॅमेरा नसतो.

प्रश्न: महिन्यापूर्वी ५५ इंची घेतला. चित्र एक नंबर पण डायलॉग ऐकू येत नाहीत, आवाज वाढवला की गाण्यात घर हादरतं. परत करू का?
एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, परत नका करू, सगळ्याच पातळ टीव्हींचं असंच आहे, स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून असतात, आवाज तुमच्याकडे यायच्या आधी भिंतीकडे जातो. आधी फुकटचं करून बघा. सेटिंगमधे साउंड मोड "स्टँडर्ड" असेल तो "न्यूज" किंवा "क्लिअर व्हॉइस" असं जे काही नाव असेल त्यावर न्या, आणि "सराउंड" बंद करा. ओटीटीवर ऑडिओ भाषेच्या यादीत ५.१ (म्हणजे खोलीभर सहा स्पीकर आहेत असं धरून केलेला आवाज) निवडलेलं असेल तर साधं स्टिरिओ निवडा, बऱ्याचदा एवढ्यानेच भागतं. भिंतीला अगदी चिकटवून लावला असेल तर दोन इंच पुढे घ्या.

नाहीच जमलं तर साउंडबार, पण घ्यायच्या आधी टीव्हीच्या मागे एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं एचडीएमआय भोक कुठलं ते शोधा आणि केबल त्यातच लावा, मग आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होतो. ब्लूटूथने जोडला तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. वूफरचा मोठा डबा असलेला घेऊ नका, तुमचं दुखणं डायलॉगचं आहे, धडामधुडुमचं नाही.